हरलो आम्ही, पोरं गेली त्यांच्याकडे

चँडलरकर

17 एप्रिल 2024 ची रात्र. टेंपीचं मलेट अरीना, आइस हॉकीचा सामना, एरिझोना कायोटीज विरुद्ध एडमंटन. आम्ही 5-2 जिंकलो. शेवटचा भोंगा वाजला तरी जागेवरून कोणी हलेना. माझ्या शेजारचे सत्तरीतले गृहस्थ, 1996 पासून सीझन तिकीट घेणारे, टोपी हातात धरून नुसते बर्फाकडे बघत उभे होते. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा, अंगात लोगन कूलीची 92 नंबरची जर्सी. "बाबा, कूली पण जाणार?" एवढंच त्याने विचारलं. दुसऱ्या दिवशी लीगने आमच्या संघाची विक्री मंजूर केली. कूली गेला. सगळेच गेले, युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला.

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या आइस हॉकी लीगमध्ये, दरवर्षी ड्राफ्ट होतो. अठरा वर्षांच्या आसपासच्या मुलांची नावं संघ पाळीपाळीने उचलतात. तळाला राहिलेल्यांची पाळी आधी, आणि अगदी वरच्या जागांसाठी सोडत. एकदा नाव पुकारलं की त्या मुलाशी करार करायचा हक्क त्या एकाच संघाचा. आयपीएलच्या लिलावात खेळाडू स्वतः नाव नोंदवतो. इथे वय झालं की मुलगा आपोआप त्या यादीत येतो.

म्हणजे ड्राफ्टमधली वरची जागा ही हरण्याची भरपाई आहे. आणि हरणं कोण सोसतं? मालक नव्हे. 2012 साली आम्ही कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे उपांत्य फेरीला होतो. त्यानंतर 2020 चा एक अपवाद सोडला तर प्लेऑफ पाहिलाच नाही. त्या बदल्यात 2016 ला सातव्या जागेवर केलर मिळाला, 2022 ला तिसऱ्यावर कूली, 2023 ला सहाव्यावर सिमाशेव. शेवटच्या वर्षी 82 पैकी फक्त 36 सामने जिंकलो, त्याची सहावी जागा. ती जून 2024 मध्ये लास व्हेगासला युटाने वापरली आणि टीज इगिन्ला घेतला. आमच्या पराभवाचं फळ, त्यांच्या पहिल्या वर्षाचं तोरण.

विक्रीची रचना तर बघा. 120 कोटी डॉलर. त्यातले 100 कोटी मालक अ‍ॅलेक्स मेरुएलोंना, 20 कोटी स्थलांतराची फी म्हणून बाकीच्या मालकांना. कागदावर युटा हा 'नवा' क्लब. कायोटीजचं नाव, चिन्ह, विक्रम मेरुएलोंकडे, आणि पाच वर्षांत अरीना बांधलं तर संघ परत सुरू करायची मुभा. जूनमध्ये त्यांनी तीही सोडली. पण खेळाडू, करार, न खेळलेल्या पोरांचे हक्क, पुढच्या ड्राफ्टच्या जागा, हे सगळं उचलून दुसऱ्या राज्यात. नाव इथे ठेवलं आणि जीव नेला.

माझं म्हणणं असं: संघ गाव सोडतो तेव्हा ज्यांच्याशी अजून करार झालेला नाही अशा ड्राफ्ट केलेल्या मुलांवरचा हक्क संपला पाहिजे. ज्या गावाच्या हरण्यातून तो हक्क आला ते गावच मागे राहिलं, मग हक्क कशाच्या जोरावर पुढे जातो?

हिशेबनीस

चँडलरकर, तुमचं दुःख समजतं. मी टोरांटोत राहतो, हरण्याबद्दल मला नवीन सांगू नका. पण मुद्दा पटत नाही.

तिकीट घेतलं म्हणजे सामना पाहायचा हक्क घेतला, संघातला वाटा नाही. 120 कोटी कशाचे दिले? एरिझोनात संघाकडे स्वतःची इमारत नव्हती, तुमचं मलेट हे विद्यापीठाचं साडेचार हजार आसनांचं अरीना. युटाचे नवे मालक रायन स्मिथ, त्यांनी विकत घेतली ती ही पोरंच. ती सोडून द्या म्हणता, तर उरतो रिकामा डबा. नवं गाव पहिल्या दिवसापासून रिकाम्या डब्याला पैसे देणार नाही, पाच वर्षांनी तोही संघ बुडेल, आणि आपण परत इथेच हीच चर्चा करू.

ड्राफ्टमुळे संघ जातात असं नाही, ड्राफ्टमुळे संघ राहतात. पिट्सबर्ग बघा. 1984 साली पैशाच्या तंगीत, तळाला. मारियो लेम्यू मिळाला आणि गाव उभं राहिलं. पुढे दिवाळं निघालं, 1999 ला त्याच लेम्यूने संघ विकत घेतला. 2005 च्या सोडतीत क्रॉस्बी निघाला. 2007 च्या सुरुवातीला कॅन्सस सिटीने नवं कोरं अरीना आणि भाडंमाफी पुढे केली होती, संघ जायच्या बेतात होता. क्रॉस्बीच्या खेळाने गर्दी परत आली, मार्चमध्ये नव्या अरीनाचा करार झाला, 2009 ला स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद आलं. जायच्या नुसत्या अफवेवर पोरं मोकळी होऊ लागली असती तर क्रॉस्बी कुठे असता?

प्रेअरीवाला

विनिपेगहून लिहितो आहे. चँडलरकर, राग मानू नका, पण तुम्ही ज्याला 'आमचा संघ' म्हणता तो 1996 पर्यंत आमचा होता.

मी इथे 2005 ला आलो, त्यामुळे ते दिवस पाहिले नाहीत. पण माझ्या ऑफिसातला एक सहकारी अजून सांगतो. 1995 मध्ये संघ वाचवायला गावाने वर्गणी काढली, दोन नद्यांच्या संगमावर हजारो लोक जमले, शाळकरी पोरांनी गल्ले फोडून नाणी आणून दिली. त्यानेही दिली होती. आठ वर्षांचा होता, चौदा डॉलर आणि काही सेंट, पावती अजून जपून ठेवली आहे. एका वर्षाची मुदत मिळाली, बस. कॅनडाचा डॉलर तेव्हा साधारण 73 अमेरिकी सेंटांवर, उत्पन्न आपल्या पैशात आणि खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरांत. पगारावर कमाल मर्यादा नव्हती, ती 2005 ला आली. दहा वर्षं आधी आली असती तर संघ कुठेच गेला नसता असं इथे सगळे मानतात, मीही मानतो.

त्या 1995 च्याच ड्राफ्टमध्ये आम्ही सातव्या जागेवर शेन डोन घेतला. एक वर्ष इथे खेळला, मग तुमच्याकडे वीस-एकवीस वर्षं. तुमच्याकडचा सगळ्यात लाडका खेळाडू हा आमच्या हरण्याचं फळ होता.

चँडलरकर

प्रेअरीवाले, राग कसला, तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. डोनचा मुलगा जॉश एरिझोनातच वाढला, 2021 ला कायोटीजनी त्याला निवडला. मार्च 2024 मध्ये पहिल्याच सामन्यात दोन गोल. मी तिथे होतो, सगळं अरीना रडत होतं. महिनाभरात तोही गेला. बाप विनिपेगने निवडलेला आणि उचलून एरिझोनाला आणलेला, मुलगा एरिझोनाने निवडलेला आणि उचलून युटाला नेलेला. एकाच घरात दोनदा. आणि 2025 च्या जूनमध्ये युटाने त्याला बफेलोला देऊनही टाकला.

हिशेबनीस, पिट्सबर्गचं उदाहरण भक्कम आहे, मान्य. पण मी अफवेवर मोकळं करा म्हटलेलं नाही. संघ प्रत्यक्ष हलला तर. उलट माझा नियम असता तर कॅन्सस सिटीकडे बोट दाखवून धमकावताना मालकाला दहादा विचार करावा लागला असता, कारण गेलो तर रिकाम्या हाताने, हे त्याला माहीत असतं. आज जायला काही लागत नाही, सगळं सामान बरोबर येतं.

हिशेबनीस

'काही लागत नाही' कसं? 2011 ला अटलांटा विनिपेगला गेला तेव्हा 17 कोटींतले 6 कोटी स्थलांतराची फी होती.

चँडलरकर

ती कुणाला मिळाली? अटलांटाच्या प्रेक्षकांना की बाकीच्या मालकांना?

माँट्रियलची_मीनल

क्युबेकबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

तिथला संघ नॉर्डिक्स. 1989, 90 आणि 91, सलग तीन वर्षं ड्राफ्टमध्ये पहिले. सुंडिन, नोलन, लिंड्रॉस. सलग तीनदा पहिली जागा मिळते म्हणजे काय हाल असतील बघा: 1989-90 च्या मोसमात 80 सामन्यांत 12 विजय. लिंड्रॉसने क्युबेककडून खेळायला साफ नकार दिला. वर्षभर थांबला. शेवटी 1992 ला फिलाडेल्फियाने त्याच्या हक्कांसाठी पीटर फोर्सबर्गसकट अर्धा डझन खेळाडू, ड्राफ्टच्या जागा आणि दीड कोटी डॉलर दिले. क्युबेकचा संघ त्या सौद्यावर उभा राहिला. 1995 ला तो संघ डेन्व्हरला गेला आणि 1996 ला पहिल्याच वर्षी कप जिंकला. क्युबेकने मग 37 कोटी कॅनेडियन डॉलर घालून नवं अरीना बांधलं, 2015 ला उघडलं. आजही तिथे एनएचएलचा संघ नाही.

आता मला खुपतं ते. तुम्ही दोघंही 'हक्क' म्हणता तेव्हा एक म्हणतो मालकाचा, एक म्हणतो गावाचा. तो मुलगा कुठे आहे यात? ड्राफ्ट कायद्यापुढे टिकतो तो खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे. पण अठरा वर्षांचा मुलगा त्या संघटनेचा सभासदच नसतो. त्याच्या वतीने इतरांनी सही केलेली असते. चँडलरकर, तुमच्या नियमात सुद्धा गाव चिडलं आहे म्हणून मुलगा मोकळा होतो. समजा त्याला युटाला जायचंच असेल तर?

हिशेबनीस

मीनलताई, मुलाकडे मार्ग आहेत की. कॉलेजात जायचं, ड्राफ्टपासून चार वर्षं थांबायचं, संघाचा हक्क आपोआप सुटतो. ब्लेक व्हीलरने हेच केलं. 2004 ला फिनिक्सने (कायोटीजचं तेव्हाचं नाव) पाचव्या जागेवर घेतला, त्याने करारच केला नाही, 2008 ला मोकळा होऊन बॉस्टनला गेला.

माँट्रियलची_मीनल

चार वर्षं, दादा. हॉकीपटूचं आयुष्य केवढं असतं? शिवाय हा मार्ग कॉलेजवाल्यांचा. ज्युनियर लीगमधला मुलगा आतापर्यंत दोन वर्षांत करार झाला नाही तर परत ड्राफ्टच्या रांगेत उभा राहायचा. आणि सिमाशेव आणि बुट यांचं काय? दोघं यारोस्लाव्हलच्या लोकोमोटिव्हकडून खेळत होते. 2023 ला एरिझोनाने नाव पुकारलं, एरिझोनाकडून एक मिनिट खेळले नाहीत, 2025 ला करार युटाशी. रशियात बसल्या बसल्या त्यांचा अमेरिकेतला पत्ता बदलला.

प्रेअरीवाला

व्हीलरचा विषय काढलात तर पुढचंही सांगतो. बॉस्टनहून फेब्रुवारी 2011 मध्ये तो अटलांटाला, आणि मे महिन्यात अटलांटाचा संघ आमच्याकडे. 2016 ला तो आमचा कप्तान झाला. ज्या संघाला आमच्यापासून तोडून नेलं त्याला नाही म्हणालेला मुलगा शेवटी आमच्याच गावात कप्तान.

मात्र एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, आणि ती माझ्याच बाजूच्या विरुद्ध जाते. जून 2011 चा ड्राफ्ट. संघाचं नावसुद्धा जाहीर झालेलं नव्हतं. मंचावरून पहिल्यांदा 'विनिपेग जेट्स' असा उच्चार झाला, आणि सातव्या जागेवर मार्क शाइफली घेतला. आम्ही घरात नाचलो. ती सातवी जागा अटलांटाच्या हरण्याची होती. तेव्हा एकदाही मनात आलं नाही की जॉर्जियात कोणीतरी मुलाला समजावत बसलं असेल. चँडलरकरांचा नियम ड्राफ्टच्या जागांनाही लावला असता तर निदान त्या क्षणी आम्हाला ती जागा मिळाली नसती. तरीही तो नियम मला बरोबर वाटतो.

हिशेबनीस

बरोबर वाटणं आणि चालणं यात फरक आहे. प्रेअरीवाले, तुमच्याच गावाचं बघा. 2011 ला तेरा हजार सीझन तिकिटं झटक्यात संपली, 2024 च्या सुरुवातीला ती साडेनऊ हजारांच्या आत आली होती, आणि मालकांनीच हे असं चालणार नाही म्हणून सांगितलं. इतक्या प्रेमाच्या गावाची ही कथा. गावाच्या भावनेवर लीगचं अर्थकारण उभं करू नका. आणि चँडलरकर, मे 2023 मध्ये टेंपीच्या मतदारांनीच अरीनाचा प्रस्ताव फेटाळला ना? गावाने नाही म्हटलं, संघ गेला.

चँडलरकर

टेंपीच्या मतदारांनी, हो. पण मत फक्त टेंपीत राहणाऱ्यांना होतं. मी चँडलरला, माझे मित्र मेसाला, स्कॉट्सडेलला. आम्हाला मतच नव्हतं. आणि त्या लोकांना तरी दोष कसा द्यायचा? ग्लेंडेलने वीस वर्षांपूर्वी फिनिक्सच्या पार पश्चिमेला अरीना बांधलं, कामाच्या दिवशी संध्याकाळी इथून तासभर गाडी हाकत जायचं. ग्लेंडेलच्या तिजोरीला त्या अरीनाचा किती भार झाला ते सगळ्यांनी पाहिलं होतं. सॉल्ट लेकला नगर परिषदेने विक्रीकर अर्धा टक्का वाढवून 90 कोटींपर्यंतची सोय करून दिली, तिथे लोकांचं थेट मत घेतलंच नाही. ज्या गावाला विचारलं ते नालायक आणि ज्याला विचारलं नाही ते हॉकीप्रेमी, हा हिशेब मला मान्य नाही.

मीनलताई, तुमचा प्रश्न मात्र मनाला लागला. मी मुलगा मोकळा करा म्हणत होतो, पण खरं तर माझा राग शमवायला त्याला वापरत होतो. तेव्हा बदलून लिहितो: संघ हलला की करार न झालेल्या प्रत्येक मुलाला महिनाभराची मुदत. नव्या गावाला हो म्हणायचं असेल तर म्हणू दे, नाही तर पुढच्या ड्राफ्टमध्ये परत. नव्या मालकाला पोरं हवी असतील तर त्याने येऊन त्यांच्याशी, त्यांच्या आईबापांशी बोलावं. हिशेबनीस, यात डबा रिकामा होत नाही. बहुतेक पोरं जातीलही, कारण पहिल्या फळीत जागा मिळणार असते.

हिशेबनीस

महिनाभराची मुदत असेल तर विरोध थोडा कमी होतो. पण दलाल त्या महिन्यात काय काय करतील याचा विचार करा. मोठ्या शहरांचे संघ मागून निरोप धाडतील, पाच पोरं 'नाही' म्हणतील.

माँट्रियलची_मीनल

म्हणू देत. लिंड्रॉस नाही म्हणाला तेव्हाही जग बुडालं नव्हतं, उलट नॉर्डिक्सचं भलंच झालं.

प्रेअरीवाला

चँडलरकर, मुलगा आता कोणाचा संघ धरतो?

चँडलरकर

कोणाचाच नाही. स्वतः खेळतो, आठवड्यातून दोनदा पहाटे साडेपाचला रिंकवर नेऊन सोडतो त्याला. 92 ची जर्सी आता खांद्याला घट्ट होते, तरी सरावाला तीच. सकाळी गाडीत बसला की फोन मागतो. युटा जिंकली का हे बघत नाही, कूलीने काय केलं तेवढंच बघतो.