जुन्या व्हिडिओ गेमचा संग्रह एका कपाटात बसवायचा आहे. काय ठेवावे, काय काढावे?

गावभागकर (सांगली)

नमस्कार मंडळी. सांगलीच्या गावभागातील जुने घर सोडून दिवाळीपर्यंत आम्ही विश्रामबागेतील फ्लॅटमध्ये राहायला जाणार आहोत, आणि तिथे माझ्या व्हिडिओ गेमसाठी भिंतीतले एकच कपाट मिळेल असे घरच्या बैठकीत एकमताने (म्हणजे माझे मत न धरता) ठरले आहे. आजमितीस माळ्यावर आणि दोन खोल्यांत जे साठले आहे त्यात नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी असलेले, निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राची नक्कल असलेले बरेच टीव्ही गेम, जपानहून आलेला एक मूळ फॅमिकॉम, सेगा मेगाड्राइव्ह, गेमबॉय, गेमबॉय ॲडव्हान्स एसपी, प्लेस्टेशन आणि प्लेस्टेशन २, पिवळ्या कॅसेटींची खोकी, सीडी-डीव्हीडींच्या चळती, बंदुका, रिमोट आणि एकवीस इंची जुने दोन टीव्ही एवढा पसारा आहे.

संग्रह वाढत गेला तसा खेळ कमी होत गेला, हे मला मान्य करावेच लागेल. प्रत्यक्षात खेळले जाते ते एवढेच, की रविवारी दुपारी मुलगी आणि मी टँक (आपला गरुड वाचवत शत्रूचे रणगाडे उडवण्याचा जुना खेळ) खेळतो. तिला गरुडाभोवतीच्या विटा वाचवण्यापेक्षा स्वतः नकाशा रचण्याच्या भागात अधिक रस आहे, आणि ती रचते ते नकाशे मला जिंकता येऊ नयेत अशाच बेताने रचलेले असतात. बाकीच्या वस्तू खोक्यांतून निघतच नाहीत.

शिवाय २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या तळघरातही पाणी आले होते आणि कॅसेटींचे एक खोके त्यात भिजले होते. त्या वाळवून ठेवल्या आहेत, पण पुढे तपासलेल्या नाहीत. तेव्हा निवड कोणत्या कसोटीवर करावी, दुर्मिळता पाहावी, किंमत पाहावी की आठवण, आणि भिजलेल्या कॅसेटी ठेवण्याजोग्या असतात का, याविषयी जाणकारांनी सांगावे.

यवतेश्वर (सातारा)

गावभागकर यांस, आपण यादी दिलीत, पण तीत चालू काय आणि बंद काय याचा उल्लेख नाही. किंमत आणि आठवण यांचा विचार नंतर करता येईल, आधी प्रत्येक यंत्र टीव्हीला लावून पाहावे. त्यातही पहिली काळजी अडॅप्टरची घ्यावी. मूळ फॅमिकॉमचा अडॅप्टर जपानच्या १०० व्होल्ट विजेसाठी बनवलेला असतो, तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावू नये. आणि पर्यायी अडॅप्टर लावायचा तर मूळ अडॅप्टर १० व्होल्टचा असून त्याच्या पिनचे मधले टोक ऋण असते, तर बाजारात सहज मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांचे मधले टोक धन असते, हे ध्यानात ठेवावे. नकली टीव्ही गेममध्ये याबाबत एकवाक्यता मुळीच नाही, म्हणून प्रत्येक यंत्राच्या खालचे चिन्ह पाहून आणि मीटर लावूनच वीज द्यावी.

नकली टीव्ही गेम बंद निघाले तर त्यांचा स्क्रू काढून आत पाहा. जुन्या यंत्रांत पाय असलेल्या निरनिराळ्या चिप डाग देऊन बसवलेल्या दिसतात आणि त्यांतली एखादी बदलता येते. नंतरच्या यंत्रांत सगळे मंडळ एकाच चिपमध्ये सामावून तिच्यावर काळ्या राळेचा थेंब ओतलेला असतो, आणि तो थेंब मेला की दुरुस्तीचा प्रश्न मिटतो. अशा यंत्रांचे रिमोट, सॉकेट आणि पेटी सुट्या भागांसाठी ठेवून बाकीचे निरोप देण्याच्या ढिगात टाकावे. रिमोटची वायर यंत्राला नऊ पिनांच्या सॉकेटने जोडली आहे की पंधरा पिनांच्या, हेही तपासावे, कारण एकाचा रिमोट दुसऱ्याला चालत नाही आणि ठेवलेल्या यंत्राला जुळणारे दोन रिमोट शिल्लक नसले तर टँक एकट्यानेच खेळावा लागेल.

त्यापुढची चाळणी सोपी आहे, कारण काही यंत्रे आपल्या आधीच्या पिढीचेही काम करतात. प्लेस्टेशन २ वर पहिल्या प्लेस्टेशनच्या बहुतेक डिस्क चालतात, तेव्हा पहिले यंत्र काढता येईल. मात्र त्याचे मेमरी कार्ड जपून ठेवावे, कारण जुन्या खेळांतील प्रगती प्लेस्टेशन २ च्या कार्डावर साठवता येत नाही, तिला जुनेच कार्ड लागते. गेमबॉयच्या कॅसेटी ॲडव्हान्स एसपीमध्ये बसतात आणि तिच्या पडद्याला स्वतःचा उजेड असतो. फक्त तिला हेडफोनचे भोक दिलेले नाही, हा कंजूषपणा मला आजही खटकतो. एसपीची बॅटरी फुगली नाही ना हे मात्र आजच पाहा. पाठीमागचे झाकण जरासेही उचललेले दिसले तर ती बॅटरी काढून टाकावी आणि चार्जिंगला मुळीच लावू नये.

बंदुका वापरायच्या तर दोन टीव्हींपैकी एक ठेवावाच लागेल. बदकांच्या शिकारीच्या खेळात बंदुकीचा घोडा दाबताच खेळ एक चौकट पूर्ण काळी करतो आणि लगेच पुढच्या चौकटीत बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो, आणि बंदुकीतील प्रकाशसंवेदक तो चौकोन त्याच क्षणी दिसला की नाही हे पाहतो. एलसीडी टीव्ही चित्र काही क्षण अडवून मग दाखवतो, शिवाय मूळ बंदूक पिक्चर ट्यूबच्या प्रकाशाच्या ठरावीक कंपनांनाच दाद देते, त्यामुळे नव्या टीव्हीसमोर ती निव्वळ प्लॅस्टिकचे खेळणे ठरते. मूळ फॅमिकॉमसाठी तर टीव्ही निवडूनच घ्यावा लागेल, कारण १९८३ च्या त्या यंत्रातून चित्र फक्त अँटेनाच्या तारेने, जपानी चॅनेलवर आणि एनटीएससी पद्धतीने बाहेर पडते आणि आपला टीव्ही पॅल पद्धतीचा आहे. एव्ही जोडणी करून घेतलेली नसेल तर ते यंत्र आपल्याकडे शोभेची वस्तू म्हणूनच राहते, मग ते कितीही दुर्मिळ का असेना.

मिरज जंक्शन (मिरज)

माझे मत थोडे कडवट वाटेल. जे महिनोन्‌महिने खोक्यातून निघत नाही त्याला संग्रह म्हणण्यापेक्षा साठा म्हणणे योग्य होईल. एका लहानशा संगणकावर इम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारी संगणक-प्रणाली) घालून आणि यूएसबी रिमोट लावून टँक, मारिओ आणि कॉन्ट्रा हे सारे नव्या टीव्हीवर खेळता येते, आणि मुलीने रचलेला नकाशा तिथे जतनही करता येतो, जो तुमच्या कॅसेटवर यंत्र बंद करताच पुसला जातो. कायद्याचे म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मध्ये, ज्याच्याकडे संगणक-प्रणालीची वैध प्रत आहे त्याला नुकसानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा दिलेली आहे. इंटरनेटवरून हजारो खेळ एकगठ्ठा उतरवून घेणे त्या मुभेत बसत नाही. तेव्हा ज्यांच्या कॅसेटी ठेवायच्या त्यांच्या प्रती आपल्या आपण काढाव्यात आणि बाकीचे निःसंकोच विकावे.

एकवीस इंची टीव्ही उचलून तिसऱ्या मजल्यावर नेण्याची हौस असेल तर जरूर न्यावा. माझ्या पाठीने मला ती परवानगी दिलेली नाही.

कमंडलू नदी (वाई)

मिरज जंक्शन यांच्याशी मी अर्धीच सहमत आहे. मारिओ आणि बदकांची शिकार जगाने कधीच जपून ठेवली आहे, ते खेळ तुमच्या कपाटातून गेले म्हणून कोणाचेच काही बिघडणार नाही. पण कोणते खेळ सुरक्षित आहेत, याबाबत आपण समजतो तेवढी चांगली परिस्थिती नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले की २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. ही स्थिती जिथे संग्रहालये आणि विद्यापीठे या विषयावर काम करतात तिथली झाली, तर आपल्याकडच्या वस्तूंचा विचार आपणच करायला हवा.

म्हणून मी निवडीची दिशा उलटी धरीन. एकाच कॅसेटमध्ये ९९९९ खेळ असल्याचे सांगणारी पिवळी कॅसेट बाजारात क्षुल्लक मानली जाते, आणि तिच्या यादीत थोडेच खेळ वेगवेगळ्या पातळ्यांपासून सुरू करून पुन्हा पुन्हा नवे म्हणून लिहिलेले असतात, हे लहानपणीच सर्वांना कळून चुकलेले असते. तरीही आपल्या पिढीने प्रत्यक्षात जे खेळले ते हेच. तिच्यावरचे चित्र, यादीतील चुकीच्या स्पेलिंगची नावे, सुरुवातीचे संगीत, खोक्यावरचा दुकानाचा शिक्का आणि हाताने लिहिलेली किंमत यांची नोंद फारशी कोणी केलेली नाही. अशा प्रत्येक वेगळ्या यादीची एकेक कॅसेट ठेवावी आणि तिच्या दोन्ही बाजूंचे व पडद्यावरील यादीचे छायाचित्र काढून ठेवावे.

प्लेस्टेशन २ च्या चळतीतही हाच निकष लावता येईल. २००९ साली या यंत्रासाठी ‘हनुमान : बॉय वॉरिअर’ आला, आणि त्याच वर्षी कबड्डी, पतंगबाजी असे आपले खेळ असलेला ‘देसी अड्डा’ही आला. पहिला खेळ खेळायला सुखद आहे असे कोणी म्हणणार नाही, कारण त्यातील मारुतीराया उडी मारताना फारच विचार करतो. पण भारतात घडलेल्या अगदी सुरुवातीच्या कन्सोल-खेळांपैकी तो आहे. यांच्या मूळ डिस्क पुस्तिकेसह असतील तर त्या कोणत्याही परदेशी खेळाच्या आधी कपाटात जाव्यात.

गावभागकर (सांगली)

सर्वांचे आभार. ‘देसी अड्डा’ मूळ खोक्यासह सापडला, ‘हनुमान’ मात्र डीव्हीडीवर लिहून घेतलेला, मार्करने नाव घातलेला निघाला. खरे तर माझ्या चळतीतील बहुतांश डिस्क अशाच आहेत, कारण त्या काळी मूळ डिस्क आमच्या आवाक्यात नव्हती आणि अशा नकली डिस्क चालाव्यात म्हणून चिप बसवलेले यंत्रच दुकानात सर्रास मिळत असे. त्यांचे काय करावे? आणि कमंडलू नदी ताई, एकाच यादीच्या अनेक कॅसेटी असतील तर त्यांतली कोणती निवडावी?

भिजलेल्या खोक्यातील एक कॅसेट आज उघडली. आतल्या पट्टीच्या पिनांवर हिरवट थर चढला आहे, कोपऱ्यात वाळलेल्या गाळाची बारीक पूड आहे, आणि पाण्याच्या रेषेखालील कागदी चित्र खपलीसारखे सुटून आले आहे.

कमंडलू नदी (वाई)

एकाच यादीच्या अनेक असतील तर जिचे चित्र शाबूत आहे ती ठेवावी, चालू असलेली दुसरी खेळण्यासाठी वापरावी आणि बाकीच्या देऊन टाकाव्यात. लिहिलेल्या डिस्क विकण्याचा प्रश्नच येत नाही, ते बेकायदा आहे. शिवाय त्यांत माहिती रंगद्रव्याच्या थरावर लिहिलेली असते आणि तो थर उन्हाने व उष्णतेने खराब होत जातो, त्यामुळे त्या आज वाचल्या गेल्या तरी पुढचा भरवसा धरता येत नाही. कपाटातील जागा त्यांना देऊ नये. त्या खेळांतील मेमरी कार्डावर साठवलेली प्रगती मात्र हवी असेल तर ते कार्ड ठेवावे.

यवतेश्वर (सातारा)

हिरवा थर पाहून ती कॅसेट लगेच टाकू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्क्यांचे, कापसाच्या काडीवर घेऊन पिना एकाच दिशेने पुसाव्यात, काडी स्वच्छ निघेपर्यंत. थर जाऊन खाली पिवळी पट्टी सलग दिसली तर ती कॅसेट बहुधा चालेल. पट्टीच तुटलेली किंवा उचललेली दिसली तर ती दोनदा तपासण्यात वेळ घालवू नये. गाळ राहिलेली कॅसेट यंत्रात घालू नका, कारण तो गाळ यंत्राच्या सॉकेटमध्ये उतरतो आणि मग चांगल्या कॅसेटीही वाचल्या जात नाहीत. आणि मुलीला एवढे अवश्य सांगा की कॅसेटमध्ये फुंकर मारायची नाही. फुंकर मारून कॅसेट चालते असे वाटते ते तिला काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरेतील ओलावा पिनांना गंजच चढवतो.

खेळातील प्रगती साठवणाऱ्या बहुतेक जुन्या कॅसेटींत नाण्यासारखा लिथियम सेल डाग देऊन बसवलेला असतो. तो काढताच साठवलेली प्रगती जाते, आणि ज्यांच्यात घड्याळही चालते अशा गेमबॉय कॅसेटींचा सेल लवकर संपतो. विकण्याआधी तो बदलून द्यावा किंवा संपल्याचे स्पष्ट सांगावे, म्हणजे घेणाऱ्याशी नंतर वाद होत नाही. किमतीचे म्हणाल तर चालू यंत्र, त्याचा योग्य अडॅप्टर, दोन रिमोट आणि दोन-तीन कॅसेटी असा संच एकत्र द्यावा. सुटे विकायला गेलात तर मूळ फॅमिकॉम कोणीतरी लगेच नेईल आणि नकली यंत्रांचा ढीग तुमच्याच गळ्यात पडेल.

कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर पावसाळ्यात ओल झिरपते, म्हणून खोकी भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत, सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि कागदी खोकी व पुस्तिका सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवाव्यात. साताऱ्यात आम्हाला पुरापेक्षा बुरशीचीच भीती अधिक. दुसरा टीव्ही भंगारवाल्याला मात्र देऊ नका. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते, आणि ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत, त्यानुसार तो नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा. तो उघडूनही पाहू नये, प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये उच्च दाबाची वीज साठून राहते.

मिरज जंक्शन (मिरज)

दुसरा टीव्ही चालू असेल तर पुनर्वापरवाल्याच्या आधी मला विचारा. नव्या टीव्हीवरच्या इम्युलेटरला ही जुनी बंदूक चालत नाही, हे मी वरच्या माझ्या प्रतिसादात सोयीस्करपणे गाळले होते. उचलायला भाचा येईल.

गावभागकर (सांगली)

टीव्ही चालू आहे, फक्त आवाज वाढवण्याचे बटण अडकते. शनिवारी संध्याकाळी भाच्याला पाठवा, सोबत एक बंदूक आणि बदकांची कॅसेटही देतो. पहिले प्लेस्टेशन, जुना गेमबॉय आणि राळेच्या थेंबाची सर्व यंत्रे काढायची हे ठरले. मेगाड्राइव्हचे अजून ठरत नाही, कारण त्याचे काम करणारे दुसरे यंत्र माझ्याकडे नाही आणि तो खेळणाराही घरात कोणी नाही. कोणाकडे सुस्थितीतल्या नऊ पिनांच्या रिमोटची जोडी असेल तर त्याच्याशी बदली करायला मी तयार आहे.