जुना फ्लॅट घेताना काय बघायचं राहून गेलं? अनुभव लिहा

कोथरूडमध्ये 22 वर्षांचा टू बीएचके बघितलाय. नवा कोरा रंग, हॉलपासून पॅसेजपर्यंत फॉल्स सीलिंग. आईचं म्हणणं, एवढ्या चकाचक घरात काहीतरी दडलेलं असतं. आमची सगळी पुंजी यात जाणार आहे, वर 20 वर्षांचे हप्ते. म्हणून विचारतेय, तुम्ही कुठे फसलात, कशामुळे वाचलात? भिंतींचं लिहा, कागदांचंही लिहा.

*

ताई, आईंचं बरोबर आहे. डोंबिवलीत आम्ही मार्चमध्ये घर बघितलं, मेमध्ये ताबा घेतला. जुलैत बेडरूममधल्या कपाटामागची भिंत ओली. प्लायवूड फुगलं, लग्नातल्या साड्यांना बुरशी लागली. वरच्यांच्या बाथरूमची गळती होती आणि आधीच्या मालकांचा त्यांच्याशी चार वर्षं वाद चाललेला. सोसायटीच्या ऑफिसात पत्रांची फाइल होती. आम्ही तिथे एनओसी आणायला गेलो, पण फाइल मागायचं सुचलंच नाही. वरच्यांनी बाथरूम फोडू द्यायला पुढचं दीड वर्ष घेतलं. जमलं तर घर भर पावसात बघा. नाहीतर कपाटं रिकामी करायला लावून मागच्या फळीवर हात फिरवा, सिंकखाली वाकून वास घ्या. स्कर्टिंगच्या वर बोट घासा. लोणा लागला असेल तर नव्या रंगातूनही पांढरी भुकटी बोटाला येते.

*

मी सिव्हिल इंजिनिअर. सीलिंगमधला एक दिवा काढायला लावा आणि टॉर्च मारून स्लॅब बघा. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट ढकलून पाडते. फॉल्स सीलिंगमुळे ते दिसत नाही. शिवाय सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा. उपविधीप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं 5 वर्षांतून एकदा ऑडिट व्हायला हवं.

*

सांगलीकर आहे. घर बघायला गेलो तेव्हा घरमालक म्हणाले, पुराचं पाणी फाटकापर्यंतच आलं होतं. बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या किराणावाल्यांना विचारलं. त्यांनी काही न बोलता भिंतीवर छातीएवढ्या उंचीला हात टेकवला. "एकोणीसला इथवर. एकवीसला जरा खाली." मग पूररेषेचा नकाशा बघितला. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. घर निळ्याच्या आत होतं. घेतलं नाही.

*

गावाकडे घर घेणार असाल तर सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना नीट वाचा आणि जुने फेरफार काढा. रत्नागिरीजवळ आमचा व्यवहार ठरला, विसार दिला आणि मग कळलं की विकणाऱ्यांच्या दोन आत्यांची नावं वारस म्हणून लागलेलीच नव्हती. त्यांच्या सह्या मिळायला अकरा महिने गेले.

*

गोव्यात तर नवरा-बायको दोघांचीही सही लागते, घर एकाच्याच नावावर दिसलं तरी. आमच्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत हे सांगितलं म्हणून वाचलो.

*

न्यू जर्सीहून. इथे जुनी घरं तेलावर गरम करायचे, टाकी अंगणात पुरलेली असायची. पुढे गॅस आला आणि टाकी जमिनीतच राहिली. ती गळली तर माती उपसून साफ करायचा खर्च नव्या मालकावर पडू शकतो. आम्ही अंगण यंत्राने तपासून घेतलं, हिरवळीखाली टाकी निघाली. विकणाऱ्यांनी ती स्वखर्चाने काढून दिली, मगच सही केली.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. आज परत जाऊन आले, सोबत भाऊ होता. पॅसेजमधला दिवा काढून आत टॉर्च मारला. बाथरूमच्या बाजूला, सीलिंगच्या वर, प्लास्टिकचं घमेलं ठेवलेलं होतं. आत पाणी वाळल्याच्या तीन-चार तपकिरी रेघा, एकाखाली एक. टोकन अजून दिलेलं नाही. सोमवारी सेक्रेटरींकडे पत्रांची फाइल आणि ऑडिटचा रिपोर्ट बघायला जातेय.