कोस्टा रिकातलं मॅन्युएल अँतोनियो : आईबाबांना घेऊन जमेल का?

सईची_आई
डिसेंबरच्या शेवटी डॅलसहून कोस्टा रिकाला चाललोय, आईबाबा भारतातून आलेत ते पण आणि सहा वर्षांची लेक. मॅन्युएल अँतोनियो नॅशनल पार्क नक्की केलंय. प्रॉब्लेम असा की आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या नको म्हणते, आणि बाबांना उलट दिसेल तो डोंगर चढायचाय. नवऱ्याच्या डोक्यात कॉर्कोवाडो (तिथलंच दुसरं नॅशनल पार्क) बसलंय ते वेगळंच. एका दिवसात ट्रेल आणि बीच दोन्ही होतात का? गाइड घ्यावा का? आणि आम्ही सगळे व्हेज आहोत हो 😅

पायपीट
कॉर्कोवाडो या ट्रिपला विसरा, नवऱ्याला सांगा मुलगी मोठी झाली की जा. तिथे सर्टिफाइड गाइडशिवाय आत सोडतच नाहीत, बोटीने जा, चिखल तुडवा, आईंना घेऊन अजिबात नको.

मॅन्युएल अँतोनियो मात्र तुमच्यासाठीच आहे. गेटपासून बीचपर्यंतचा मेन रस्ता रुंद आणि बराचसा सपाट, आणि त्याला समांतर स्लॉथवाला (स्लॉथ म्हणजे झाडाला लटकणारा तो सुस्त प्राणी) ट्रेल आहे, एल पेरेसोसो, त्यावर लाकडी बोर्डवॉक आहे, व्हीलचेअरसुद्धा जाते. आईंना तिथून आरामात न्या. बाबांना पुंता कातेद्रालला पाठवा, तो साधारण दीड किलोमीटरचा लूप आहे, पायऱ्या भरपूर, वरून समुद्र मस्त दिसतो. ही टेकडी आधी बेट होती म्हणे, मधे वाळू साचत साचत किनाऱ्याला जोडली गेली, म्हणून त्या चिंचोळ्या पट्टीच्या एका बाजूला एस्पादिया सुर बीच आणि दुसऱ्या बाजूला मॅन्युएल अँतोनियो बीच. मुलीला पाण्यात सोडायचं तर मॅन्युएल अँतोनियोच, तिथे लाटा कमी असतात.

तिकीट आधीच ऑनलाइन काढा, गेटवर मिळत नाही, मोठ्यांना टॅक्स धरून साधारण 18 डॉलर. सकाळी 7 चा स्लॉट मिळाला तर सोडू नका. आणि मंगळवारी पार्क बंद असतं, हॉटेल बुक करायच्या आधी बघून घ्या!! गाइड घ्याच, पण त्याच्या ज्ञानापेक्षा त्याच्या टेलिस्कोपसाठी, कारण स्लॉथ झाडावर वाळक्या पानांचा गोळा दिसतो, आपल्याला उभ्या जन्मात सापडणार नाही. फक्त गाइड आधी ठरवून जा. रस्त्यात शिट्ट्या मारून, हात दाखवून गाडी थांबवणारे लोक भेटतील, "पार्किंग इथेच, पुढे फुल" वगैरे, त्यांच्याकडे बघूच नका, सरळ पुढे चला.

मालवणचो_झील
भरती ओहोटीचं टाइमटेबल बघितल्याशिवाय जाऊ नका. मॅन्युएल अँतोनियो बीचवर ओहोटीला दगडांची अर्धवर्तुळाकार रांग उघडी पडते, तिथल्या मूळ रहिवाशांनी कासवं पकडायला रचलेला सापळा, स्पॅनिश लोक यायच्या आधीचा. भरतीत गेलात तर काही म्हणता काही दिसणार नाही. आणखी एक दिवस हाताशी असेल तर तासाभरावर उवितामधे मरिनो बाएना पार्क आहे, तिथे ओहोटीला वाळूची पट्टी व्हेलच्या शेपटीसारखी उघडी पडते, त्यावरून चालत जाता येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी जास्त खाली जाते, त्यामुळे कालनिर्णय घेऊन जा, तिथे पण चालेल 😂 तारखा भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) पडल्या तर पट्टी तेवढी उघडत नाही. डिसेंबरपासून हंपबॅक व्हेल पण येतात त्या बाजूला.

निवांत_नीता
खाण्याचं मी सांगते. पार्कमधे खायचं काहीही नेता येत नाही, गेटवर बॅगा उघडून बघतात, त्यामुळे आईंनी डब्यात ठेपले भरले असतील तर ते हॉटेलवरच राहूदेत, पाणी स्टीलच्या बाटलीत न्या. नियम उगाच नाहीये, तिथली पांढऱ्या तोंडाची माकडं आणि रकून दोघंही बॅगेची चेन उघडण्यात एक्सपर्ट आहेत, माथेरानची माकडं त्यांच्यापुढे सभ्य वाटतील. आत एक कॅफेटेरिया आहे पण पोट भरायला बाहेर या. सोडात (तिथल्या साध्या खानावळीला सोडा म्हणतात) "कसादो सिन कार्ने", म्हणजे बिनमांसाची थाळी, म्हणायचं, भात, राजम्यासारखे काळे बीन्स, तळलेली केळी, सॅलड येतं, आईबाबांना भात दिसला की बरं वाटेल. सकाळी गायो पिंतो, म्हणजे तोच भात-बीन्स परतून. लोणचं मात्र घरून न्या.

आणि बीचवर मान्सानिओ नावाची झाडं असतात, छोट्या सफरचंदासारखी फळं, विषारी. पाट्या लावलेल्या आहेत. लेकीला आधीच सांगून ठेवा, पडलेलं फळ उचलायचं नाही, आणि पाऊस आला तर त्या झाडाखाली थांबू नका, चिकाचं पाणी अंगावर पडलं तर फोड येतात.

सईची_आई
बापरे मंगळवारचं माहितच नव्हतं, आमचा नेमका तोच दिवस ठरला होता! आता पार्क बुधवारी आणि मंगळवारी उविता असं करते. बाबा पुंता कातेद्रालला गेले की आईने कुठे बसायचं?

पायपीट
मॅन्युएल अँतोनियो बीचवरच, झाडांची सावली आहे, टॉयलेट आणि शॉवर पण जवळ आहेत. लूपला तासभर लागतो, बाबा फोटो काढणारे असतील तर दीड धरा. फक्त त्यांची बॅग आईंच्या मांडीवर ठेवा, वाळूत नको, माकडं.