डॉलर वर गेला तरी एक्सपोर्टवाल्या कंपनीचा शेअर काऊन पडते?

कापूसवाला_आर्णी
राम राम मंडळी. कापसाचे थोडे पैसे उरले होते, ते औषधं बाहेरदेशी विकनाऱ्या एका कंपनीच्या शेअरमंदी टाकले. पोट्टा म्हने बाबा डॉलर महाग झाला का या लोकायची चांदी. आता डॉलर वर अन शेअर खाली! निकालात तर 'विनिमय तोटा' लिवला हाये. माल डॉलरमंदी विकते मंग तोटा कायचा? जरा सोपं करून सांगजा भौ.

हिशेबनीस_अमरावती
काका, डॉलर किती येणार यापेक्षा तो आधीच कितीला विकून ठेवलाय ते बघा. समजा पुढे येणारे १ कोटी डॉलर कंपनीनं ७६ रुपये भावानं बँकेला फॉरवर्ड करून दिले, म्हणजे पुढच्या तारखेला विकायचा भाव आजच बांधून टाकला, आणि भाव निघाला ८२, तर ६ कोटी रुपयांचा तोटा. बरेचदा हा तोटा आजच्या निकालात दिसतो अन ज्या मालासाठी सौदा केला तो जातो पुढच्या तिमाहीत, तेव्हा भरपाई होते पण तोवर लोक विकून मोकळे. १० कोटी शेअर धरले तर शेअरमागे ६० पैसे. बाजार घाबरला की हेच दरवर्षी होणार असं धरून २० च्या पीईनं (शेअरचा भाव त्याच्या वर्षाच्या कमाईच्या किती पट, तो आकडा) गुणतो आणि १२ रुपये उतरवतो. शिवाय औषधांचा कच्चा माल बराचसा चीनहून येतो, तो डॉलरमध्येच घ्यावा लागतो.

वर्धेचा_पाहुना
फॉरवर्ड तरी बरा, कर्ज पाहा आधी. पवनचक्क्या बनवनाऱ्या सुझलॉन कंपनीनं २००७ मंदी परदेशात एफसीसीबी काढले, म्हंजे शेअरमंदी बदलता येनारे डॉलरचे रोखे, तवा डॉलर ४० च्या आसपास होता. २०१२ पर्यंत तो ५० च्या वर गेला अन शेअर पार लोळला, आता पडलेला शेअर कोन घेते? रोखेवाल्यायनं डॉलरच मागितले, ऑक्टोबर २०१२ मंदी कंपनी ते देऊ शकली नाही. पुढं कर्जाची फेररचना झाली, नवे शेअर निघाले, जुन्यायचा हिस्सा पातळ झाला. मालकाची वाट लागते ती अशी, निकालातला एक आकडा पाहून नाई.

कापूसवाला_आर्णी
बाप्पा! मंग हे पाहाचं कुठं?

हिशेबनीस_अमरावती
वार्षिक अहवालात शेवटी नोट्स असतात, तिथं 'आर्थिक जोखीम' च्या भागात तक्ता असतो, रुपया अमुक टक्के हलला तर नफा किती हलेल असा. तो बघा, आणि हेज न केलेली, म्हणजे भाव आधी बांधून न ठेवलेली रक्कम कुठं दिली असेल तर ती. चेअरमनचं पत्र सोडलं तरी चालतं.

हिंगनघाट_जिनिंग
माझं थोडं येगळं हाये. काका तुमचा कापूस बी डॉलरलेच बांधलेला हाये, रुपया पडला का बाहेरची गाठ महाग पडते, इथल्या भावाले आधार भेटते. त्यावर एक्सपोर्टचा शेअर घेतला म्हंजे दोन्ही डाव एकाच बाजूनं लावले. रुपया वधारला तर शेतात बी मार अन शेअरमंदी बी. हां, खतातलं पोटॅश सारा बाहेरून येते अन डीएपी बी बराच, तिथं मात्र रुपया पडला का तुमचाच खर्च वाढते, सरकारच्या सबसिडीनं थोडा झाकला जाते एवढंच. म्या असतो तं सूत इथंच विकनारी, कर्ज रुपयातलं असनारी गिरनी पाह्यली असती. पन तिले बी कापूस महाग भेटते, म्हनून आधी अहवाल वाचला असता.

कापूसवाला_आर्णी
पोट्ट्याले सांगतो अहवाल काढून दे म्हनून. इंग्रजीत हाये का तो सारा?