मदत हवी आहे: बाशिंगाचा कंद पुण्यात कसा लावू? आणि सासूबाईंना त्याचा काढा द्यावा का?

पागोळी

नमस्कार मंडळी. सावंतवाडीजवळ आमच्या आवारातला जुना आंबा वादळात आडवा झाला. फांद्या तोडणाऱ्यांनी त्याच्यावरची बाशिंगं (झाडांवर वाढणारे नेचे) बाजूला टाकली होती, त्यातला हातभर तुकडा मी पुण्याला आणलाय. कंद अंगठ्याहून जाड, तपकिरी लवेचा. टोकाला हिरवे कोंब दिसतात, पण बुडाशी सगळी वाळकी, कागदासारखी पानं आणि काही नुसत्या काड्या.

ही वाळकी पानं कापू का? कुंडीत लावू की कशाला बांधू? बाल्कनी पूर्वेला आहे, सकाळी नऊपर्यंत ऊन येतं. सोसायटीतल्या एका काकांनी "हे बांडगूळ आहे, बाकीची झाडं खाईल" म्हणून घाबरवलंय.

खरा तिढा मात्र घरात आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांच्या माहेरी मुका मार लागला, हाड दुखावलं की बाशिंगाचा कंद वाटून लेप लावायचे. आता मोबाईलवर त्यांनी याचंच सूप पिणारी माणसं बघितली आणि "अर्धा लाव, अर्धा मला उकळून दे" सुरू झालंय. त्यांना रक्तदाबाची गोळी आहे, रक्त पातळ करणारीही आहे. काय सांगू त्यांना?

डोंगरवाट

आधी कात्री खाली ठेवा!

बाशिंगाला (ड्रायनारिया क्वेर्सिफोलिया) दोन तऱ्हेची पानं येतात. बुडाशी असतात ती आखूड, रुंद, बिनदेठाची. थोडे दिवस हिरवी राहतात, मग तपकिरी होतात आणि तशीच वर्षानुवर्षं चिकटून बसतात. खोड आणि ती पानं यांच्या बेचक्यात पालापाचोळा, धूळ, पाखरांची शीट साठते, कुजते आणि मुळं त्यातच शिरतात. जमिनीत पाय नसलेल्या झाडाचं ते कोठार आहे. ते कापलंत तर त्याला उपाशी ठेवलंत.

दुसरी पानं लांब, दोन-तीन फुटांची, खोल कातरलेली. अन्न तयार करणं आणि बीजाणू धरणं हे त्यांचं काम. कोरड्या दिवसांत त्यांचे कातरे गळतात आणि मधली शीर उरते. त्या तुमच्या काड्या. म्हणजे तुकडा मेलेला नाही, पाऊस लागला की टोकाकडून फुटेल.

बांडगूळ फांदीत घुसून तिचा रस ओढतं. बाशिंग फक्त बसायला जागा घेतं. काकांना निर्धास्त राहायला सांगा.

मातीच्या कुंडीत पुरू नका, कंद सडतो. आंब्या-फणसाचा खडबडीत सालीचा ओंडका घ्या, त्यावर नारळाच्या सोडणाचा पातळ थर, वर कंद आडवा. कंद झाकायचा नाही, कोंबाचं टोक मोकळं हवं. तंगुसाने (मासे पकडायच्या नायलॉनच्या दोरीने) बांधा. सुतळी मुळं धरायच्या आत कुजू शकते आणि तांब्याची तार नेच्यांना मानवत नाही. रंगवलेली किंवा औषध मारलेली फळी नको. पावसाळ्यात बाहेरच टांगा, नंतर सोडण कोरडं झालं की पाणी. पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पानं गळली तर गळू द्या. हिरवाच ठेवायचा हट्ट असेल तर संध्याकाळी फवारा मारा. रासायनिक खताच्या वाटेला जाऊ नका, पाचोळ्याचं चिमूटभर खत त्या वाळक्या पानांच्या बेचक्यात टाकलं की पुरे.

आणखी एक. लांब पानांच्या मागे तपकिरी ठिपके रांगेत दिसतील. कीड समजून बरेच जण औषध मारतात. ते बीजाणूंचे पुंजके असतात. खवले कीड वेडीवाकडी बसते आणि नखाने खरवडली तर सुटून येते.

अण्णानगर_चेन्नई

सासूबाईंनी पाहिलं ते बहुतेक आमच्या बाजूचं. कोल्ली हिल्सला या कंदांचे ढीग विकायला असतात, मुडवाट्टुकाल किळंगू म्हणतात. लव आणि साल काढून चकत्या करतात, मिरी, जिरं, लसूण घालून सूप. पायासूपला शाकाहारी पर्याय म्हणून खपवतात. मी प्यायलोय. चव झकास, पण त्यात मिरीचा वाटा मोठा. गुडघ्यांनी काही दखल घेतली नाही. मागणीपायी जंगलातली झाडं-खडक खरवडले जातात, ते वेगळंच.

निर्गुडी

वैद्य म्हणून लिहिते. परंपरा खोटी नाही. याला संस्कृतात अश्वकात्री म्हणतात. जुना ताप, खोकला, अपचन यांवर कंद पोटातून आणि सुजेवर लेप, असे वापर नोंदलेले आहेत. सूज कमी होण्यावर प्रयोगशाळेत आणि उंदरांवर प्रयोगही झालेत. पण त्यावरून सत्तरीतल्या बाईने किती प्यायचं हे ठरत नाही. चिनी वैद्यकात हाडांसाठी प्रसिद्ध असलेलं गुसुईबू हे ड्रायनारिया फॉर्च्युनी, म्हणजे या घरातली दुसरी जात. मोबाईलवरचे लोक तिचे गुण सर्रास बाशिंगाला चिकटवतात.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना असा काढा घरच्या घरी सुरू करू नका. ज्यांनी गोळी दिली त्यांना विचारल्याशिवाय नाहीच. लेपाचा आग्रह असेल तर जखम नसलेल्या कातडीवर, तोही आधी मनगटाच्या आत थोडासा लावून. खाज आली तर धुऊन टाका. पडझड झाली तर मात्र लेप नाही, एक्स-रे.

आणि त्या आंब्याला मोहोराच्या वेळी फवारणी व्हायची का? बुडाशी कल्टार (आंब्याला मोहोर यावा म्हणून देतात ते रसायन) घालायचे का? तसं असेल तर त्यावरचा कंद पोटात मुळीच नको.

पागोळी

फवारणी दरवर्षी व्हायची, कल्टारचंही दिरांनी कबूल केलं. सासूबाईंना वाचून दाखवलं. सूप रद्द झालं, लेपावर बोलणी चालू आहेत. डॉक्टरांकडे शनिवारी जातोय.

डोंगरवाट, वखारीतून फणसाचा ओंडका मिळालाय, पण ताजा आहे, चीक गळतोय. चालेल?

डोंगरवाट

चीक पूर्ण वाळू द्या. मग साल हाताने ओढून बघा. सुटत असेल तर सगळी सोलून उघड्या लाकडावर बांधा, नाहीतर वर्षभरात सालीसकट बाशिंग खाली येईल. तोवर कंद सावलीत, ओल्या सोडणावर नुसता ठेवा.