मदत हवी आहे: संशोधक विद्यार्थ्यांचा मंच काढलाय, कुणी फिरकतच नाही

अर्धाथिसिस (बुधवार, रात्री ११:४२)
पटकन सांगा कुणीतरी. सोमवारी एचओडींसमोर (विभागप्रमुखांसमोर) बसायचंय आणि दाखवायला काही नाही. डिपार्टमेंटमध्ये पीएचडीवाल्यांचा मंच सुरू केलाय, म्हणजे माझ्या गळ्यात मारलाय. करिअर मार्गदर्शन, मनःस्वास्थ्य, आपसात ओळखी वगैरे वगैरे. दोन कार्यक्रम झाले. पहिला ताणतणावावर. बाहेरून वक्ते बोलावले, बॅनर छापला, ४० समोसे सांगितले. आले ९. त्यातले तिघे एम.एस्सी.चे, त्यांना वाटलं हजेरी लागते. दुसऱ्या कार्यक्रमाला ६. समोसे मी आणि शिपाईकाका दुसऱ्या दिवशीपर्यंत खात होतो.
काय ठेवलं की लोक येतील तेवढं सांगा. की गरजच नाही कुणाला? बजेट विचारू नका.

सीएचबीवाला (११:५०)
विषय कोणता? एकूण किती जण? आणि बजेट का विचारायचं नाही?

निवृत्तमास्तर (११:५८)
आमच्या वेळी मंच नव्हते. ताण हा शब्द आम्ही स्थापत्यवाल्यांच्या पुस्तकातच पाहिला होता. गाईडच्या घरी भाजी नेऊन दिली, मुलांची शिकवणी घेतली, पीएचडी झाली.

कॅन्टीनचाचहा (गुरुवार, ००:०३)
सर, ती भाजी म्हणजेच ताण.

ओहायोकर (००:२०)
ताई, इकडे हा विषय फार गांभीर्याने घेतात. नेचरने २०१९मध्ये जगभरातल्या ६,००० हून जास्त पीएचडी विद्यार्थ्यांना विचारलं, तर ३६ टक्क्यांनी सांगितलं की अभ्यासामुळे आलेल्या चिंता किंवा नैराश्यासाठी त्यांनी मदत घेतली. तेव्हा गरज आहे. आमच्याकडे लेखनगट चालतात. सकाळी जमायचं, २५ मिनिटं गप्प बसून लिहायचं, पाच मिनिटं कॉफी, परत २५. बोलायची सक्ती नाही. माझी अख्खी दोन प्रकरणं अशी झाली.

सीएचबीवाला (००:२६)
ओहायोत दर महिन्याला स्टायपेंड येतो हो. इथे अर्धी पोरं तासिका तत्त्वावर चार कॉलेजं करतात. २५ मिनिटं गप्प बसायला त्यांना बसस्टॉपवरच मिळतात.

अर्धाथिसिस (००:३१)
विषय सूक्ष्मजीवशास्त्र. ७० जण. बजेट समोशांत संपलं.

शांतचित्त (सकाळी ६:१०)
सर्वांना नमस्कार. एकच उपाय, विपश्यना. इगतपुरीला दहा दिवसांचं शिबिर असतं, फी नाही, मौन पाळायचं. मी तीनदा करून आलो. सगळ्या ७० जणांना घेऊन जा.

कॅन्टीनचाचहा (८:१५)
७० जण दहा दिवस लॅबबाहेर? काका, बॅक्टेरिया मौन पाळत नाहीत. दर बारा तासांनी रीडिंग घ्यावं लागतं.

शांतचित्त (८:२२)
मन शांत नसेल तर रीडिंग घेऊन तरी काय उपयोग?

पेटकधी (८:४०)
सॉरी, थोडं वेगळं विचारतो. पेटचे (पीएचडीच्या प्रवेश परीक्षेचे) फॉर्म कधी सुटणार कुणाला माहीत आहे का?

कॅन्टीनचाचहा (८:४४)
अर्धाथिसिस ताई, कार्यक्रम कुठल्या वारी, किती वाजता होता?

अर्धाथिसिस (९:०५)
बुधवारी दुपारी ३, सेमिनार हॉल. वेळ एचओडींनी दिली. का?

सीएचबीवाला (९:०९)
७० पैकी पार्ट टाइम किती?

अर्धाथिसिस (९:१६)
४१. त्यांची कॉलेजं तालुक्याला आहेत, ते शनिवारीच येतात. हे आधी सांगायला हवं होतं का?

सीएचबीवाला (९:१७)
नाही नाही. आम्ही कवड्या टाकून ओळखणार होतो.

कॅन्टीनचाचहा (९:२१)
अजून एक. पहिल्या रांगेत कोण होतं?

अर्धाथिसिस (९:३०)
सगळे गाईड. एचओडींनी आग्रहाने बोलावलं, नाहीतर हॉल रिकामा दिसला असता. वक्ते म्हणाले, ज्यांना ताण आहे त्यांनी हात वर करा. एकही हात वर आला नाही. म्हणजे एका मुलाचा अर्धा गेला होता. मग त्याने त्याच हाताने केस सारखे केले.

कॅन्टीनचाचहा (९:३३)
मिळालं उत्तर?

अर्धाथिसिस (९:३४)
हं.

निवृत्तमास्तर (१०:०२)
गाईडसमोर बोलायला भीती कसली? मी माझ्या एकाही विद्यार्थ्याला कधी रागावलो नाही.

सीएचबीवाला (१०:०८)
सर, प्रत्येक गाईडला असंच वाटतं. तुमचे विद्यार्थी इथे असतील तर तेही केस सारखे करत असतील.

फेलोशिपआलीका (१०:४०)
मंच, समुपदेशक, विपश्यना, सगळं राहू द्या. पैसे वेळेवर द्या, निम्मा ताण जातो. जेआरएफ (नेटवाल्यांची केंद्राची फेलोशिप) १ जानेवारी २०२३पासून महिना ३७ हजार झाली, छान. पण ज्यांची नेट परीक्षा निघालेली नाही त्यांचं काय? बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी पोरांना उपोषणाला बसावं लागलं. भाड्याचा हप्ता चुकला की कुठल्या वक्त्याचं ऐकायचं?

ओहायोकर (१०:५२)
पैसा महत्त्वाचा आहेच, पण इकडे पैसे वेळेवर येतात तरी लोक खचतात. एकटेपणा वेगळा आजार आहे. मी पहिल्या हिवाळ्यात नऊ दिवस मराठीत एक शब्द बोललो नव्हतो, दहाव्या दिवशी आईला फोन केला तर आवाजच फुटेना.

फेलोशिपआलीका (१०:५५)
समजू शकतो. पण दादा, फोनचं बिल भरायला पैसे होते ना?

मनमोकळं (११:३०)
भांडू नका. एक कामाची गोष्ट. कुणाला खरंच जास्त त्रास होत असेल, झोप उडाली असेल, नको नको ते विचार येत असतील, तर मंचाची वाट बघू नका. टेलिमानस हेल्पलाइन, १४४१६. सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. मी स्वतः सिनॉप्सिसच्या आदल्या आठवड्यात लावला होता. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, जेवलीस का. मी जेवले नव्हते.

अर्धाथिसिस (११:४१)
हा नंबर लॅबच्या दारावर लावते. धन्यवाद.
पण सोमवारचं काय करू?

कॅन्टीनचाचहा (११:४५)
ही मंडळी एरवी भेटतात कुठे?

अर्धाथिसिस (१२:०४)
कुठेच नाही. म्हणजे जिन्यात. लॅबमध्ये डबा खायला बंदी आहे, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे पायऱ्यांवर बसतात. शनिवारी पार्ट टाइमवालेही येतात, मग वरच्या पायरीपासून खालपर्यंत डबेच डबे. गेल्या शनिवारी एक सर (ते स्वतः कॉलेजात शिकवतात, पण पीएचडीत माझे ज्युनिअर) प्रोग्रेस रिपोर्टचा फॉर्म मांडीवर घेऊन बसले होते. आरएसीसमोर (संशोधन सल्लागार समितीसमोर) काय दाखवायचं ते कुणाला विचारावं कळत नव्हतं. ठेच्याचं बोट फॉर्मला लागलं, मग सगळे हसले आणि तिघांनी आपापले जुने रिपोर्ट फोनवर काढून दाखवले.

कॅन्टीनचाचहा (१२:०६)
ताई, तुझा मंच चालू आहे की. तू फक्त हॉलमध्ये शोधत होतीस.

नियमवाचा (दुपारी १:१५)
आरएसीचा विषय निघालाच आहे तर. निम्मा ताण नियम न वाचल्याने येतो. यूजीसीची नोव्हेंबर २०२२ची नियमावली काढा. आरएसीसमोर दर सेमिस्टरला प्रगती मांडायची असते. कालावधी कोर्सवर्क धरून किमान तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. महिलांना त्यावर आणखी दोन मिळू शकतात. एकूण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे. आणि थिसिस द्यायला पेपर छापण्याची सक्ती त्यात राहिलेली नाही.

सीएचबीवाला (१:२२)
चूक. माझ्याकडे पेपर मागितलाय.

नियमवाचा (१:२५)
नोंदणी कधीची?

सीएचबीवाला (१:३१)
२०१९.

नियमवाचा (१:३४)
मग तुम्हाला २०१६चे नियम लागू. त्यात एक पेपर आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणं आहेत. शिवाय विद्यापीठाच्या अध्यादेशात काय आहे तेही बघा. म्हणून म्हणतो, वाचा.

सीएचबीवाला (१:३५)
पाच वर्षं वाया गेली, आज कळतंय. गाईडनी नुसतं ‘पेपर लागतो’ एवढंच सांगितलं. दोन सादरीकरणांचं कुणी बोललंच नाही.

दुसरापाळणा (१:५०)
थांबा. २४० दिवस? मी ऑगस्टपासून बिनपगारी घरी आहे असं समजून चालले होते, वर्षं मोजतेय रोज. माझी नोंदणी २०२३ची. हे कुणाकडे मागायचं?

नियमवाचा (१:५८)
पीएचडी विभागात लेखी अर्ज, गाईड आणि एचओडींच्या मार्फत. अर्जाची पोच घ्या. तोंडी विचारू नका, तोंडी उत्तर नेहमी ‘बघू’ असतं.

सायलीचीआई (२:३०)
माझी मुलगी पीएचडी करायची म्हणते. वय २६. लग्न आधी करावं की नंतर? मंडळींनी मार्गदर्शन करावं.

कॅन्टीनचाचहा (२:३३)
काकू, सायलीला विचारा.

ओहायोकर (रात्री ९:१५)
ताई, एक सुचवतो. शनिवारी दर वेळी एकानेच आपलं काम तीन मिनिटांत सांगायचं, एका स्लाइडवर. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात २००८मध्ये याची स्पर्धा सुरू झाली, आता जगभर होते. व्हायवाची (तोंडी परीक्षेची) भीती जाते, नोकरीच्या मुलाखतीतही उपयोग होतो.

अर्धाथिसिस (९:४०)
स्पर्धा नको. जिन्यात प्रोजेक्टरही नाही. पण तीन मिनिटं चालतील, डबा उघडायच्या आधी.

निवृत्तमास्तर (९:५५)
परीक्षक म्हणून मी येऊ शकतो.

अर्धाथिसिस (१०:०१)
सर, नक्की या. पण डबा घेऊन, आणि खालच्या पायरीवर बसायचं.

अर्धाथिसिस (शनिवार, सायंकाळी ५:२०)
कळवते. कार्यक्रम असा ठेवलाच नाही. गटावर एवढंच टाकलं होतं: शनिवारी साडेबारा, जिना, जुने प्रोग्रेस रिपोर्ट आणि सिनॉप्सिस सोबत आणा, गाईड नाहीत. २३ आले. पायऱ्या कमी पडल्या, दोघं कठड्याला टेकून उभे. नियमांवरच तासभर गेला, आपली नोंदणी कुठल्या नियमात बसते तेच निम्म्यांना माहीत नव्हतं. नियमवाचा यांनी सांगितलेलं मी वाचून दाखवलं.
तीन मिनिटांसाठी कुणी उठेना. शेवटी तो केस सारखे करणारा उठला. मातीतल्या बुरशीवर बोलला, चांगलं बोलला. मग खाली बसून म्हणाला, माझं चौथं वर्ष संपलं, दोन वेळा कल्चर मेलं, सरांना एकदाच सांगितलंय. कुणी काही बोललं नाही. त्याच्याच लॅबमधली सीनियर म्हणाली, सोमवारी मी येते तुझ्याबरोबर सांगायला. मग सगळे जेवले.
आता अडचण अशी की एचओडींना सोमवारी फोटो हवेत. नॅकला (कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला) लागतात म्हणे. बॅनरसकट. आणि सह्यांचा कागद. जिन्यात बॅनर बांधायचा कुठे?

सीएचबीवाला (५:२८)
कठड्याला. सुतळी घेऊन जा. फोटोत डबे येऊ देऊ नकोस.

फेलोशिपआलीका (५:३१)
येऊ दे की. समोशांच्या बिलापेक्षा बरं.

पेटकधी (५:४५)
कुणी पेटचं सांगेल का प्लीज? दोन दिवस झाले.

अर्धाथिसिस (५:५२)
कुठला जिल्हा? आमच्याकडचा असशील तर शनिवारी साडेबाराला जिन्यात ये, तिथे पीएचडी विभागातलं कुणीतरी ओळखीचं निघेल.