पॉन्टिॲकचा जीव ॲझटेकमुळे गेला नाही

पॉन्टिॲक हा जनरल मोटर्सचा, आता बंद झालेला अमेरिकन ब्रँड. तो २००१ च्या ॲझटेक या गाडीने बुडवला, असं म्हणतात. गाडी कुरूप होती हे मान्य, पण दुखणं त्याच्या वीस वर्षं आधीचं आहे. १९६४ ला पॉन्टिॲकचा मुख्य इंजिनिअर जॉन डीलोरिअन याच्या टीमने टेम्पेस्ट या मधल्या आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचं व्ही-८ बसवून जीटीओ काढली. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० च्या वर इंजिन नको, असा जनरल मोटर्सचा नियम होता. त्यांनी ते 'ऑप्शन पॅकेज' म्हणून, म्हणजे गिऱ्हाइकाने वेगळं मागून घ्यायचं, असं विकून वाट काढली. ती धमक होती कारण इंजिन पॉन्टिॲकचं स्वतःचं होतं.

सहसा कुणी बोलत नाही ती गोष्ट म्हणजे १९७७ ते ७९ च्या ट्रान्स ॲमचं (पॉन्टिॲकच्या फायरबर्डची दमदार आवृत्ती) बॉनेट. त्यातून वर आलेल्या शेकर स्कूपवर (इंजिनला जोडलेलं हवेचं तोंड) 'टी/ए ६.६' लिहिलेलं असेल तर आत पॉन्टिॲकचं जास्त ताकदीचं ४०० इंजिन. जनरल मोटर्सच्याच ओल्ड्समोबील या दुसऱ्या ब्रँडचं ४०३ असेल तर नुसतं '६.६ लिटर'. कॅलिफोर्नियातल्या गाड्यांना प्रदूषणाच्या नियमांपायी हे ओल्ड्सचंच मिळायचं. जाणकार आजही जुनी गाडी घेताना आधी ते स्टिकर बघतात, मग ब्लॉकवरचा नंबर. १९८१ नंतर पॉन्टिॲकचं स्वतःचं व्ही-८ बंदच झालं आणि ८२ च्या फायरबर्डमध्ये जनरल मोटर्सच्याच शेवरलेचं ३०५ आलं. मग शेजारच्या शोरूममधली शेवरलेची कॅमॅरो सोडून गिऱ्हाइकाने हिच्यासाठी वेगळं का यावं? पॉन्टिॲकच्या शेवटच्या काळातली जी८ मला मनापासून आवडते, पण तीही मुळात जनरल मोटर्सच्याच ऑस्ट्रेलियातल्या होल्डन ब्रँडची गाडी.